वरच्या डीपीची तार

तीन वर्षं वत्सलाबाईच्या घरात नवरा-बायकोचं बोलणं म्हशीच्या मार्फत चाललं होतं. भाकर झाली की ती गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि म्हशीला सांगायची, "तुझ्या मालकाला म्हणावं, जेवण वाढलंय." बंकट तिथंच वैरण टाकत असायचा. तो हातातली पेंढी खाली ठेवून मुकाट उठायचा. त्याला काही सांगायचं असलं की तोही म्हशीच्या पाठीवर थाप मारून सांगायचा, उद्या बाजारला जायचंय, पिशवी काढून ठेवायला सांग. म्हैस गरीब होती. दोघांचंही ऐकून घ्यायची. नवखा पाहुणा आला तर त्याला आधी हसू यायचं. मग कुणीतरी त्याच्या कानात प्रविणचं सांगायचं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरून जायचं.

प्रविण हा त्यांचा एकुलता मुलगा. आयटीआय करून घरीच होता. आई-बाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, तो मागं राहून म्हैस आणि रान बघायचा. वस्ती वडवणीपासून लांब, माळाच्या उतरणीला. वस्तीला विजेच्या दोन डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे डबे, होत्या. ओढ्याजवळची ती खालची, माळावरची ती वरची. विहिरी आणि घरं या दोन डब्यांवर वाटलेली होती. ती कशी वाटली आहेत हे मात्र कुणीच नीट सांगू शकत नव्हतं. हंगामात एक डीपी जळाली की तिच्यावरचे लोक तात्पुरत्या तारा ओढून दुसरीवर जायचे. डीपी दुरुस्त होऊन आली की काही तारा परत यायच्या, काही तिथंच राहायच्या. दर साली त्या जाळ्यात थोडी भर पडायची.

लाईनमन यायचा, पण त्याच्या वाटणीला गावं फार होती. त्यामुळं बारीकसारीक कामाला वस्तीवरचेच लोक खांबावर चढायचे. त्याची एक रीत ठरलेली होती. एकानं डीपीपाशी जाऊन स्विचचा दांडा खाली पाडायचा आणि काम होईस्तोवर तिथून हलायचं नाही. दुसऱ्यानं खांबावर चढायचं. आणि दांड्यापाशी उभा राहणारा माणूस चढणाऱ्याच्या घरचाच लागायचा. बाप, भाऊ, चुलता. परक्याच्या हातात जीव द्यायचा नाही, असं म्हातारे सांगायचे.

त्या दिवशी तारेच्या दुरुस्तीला बाभळीपासच्या खांबावर प्रविण चढला होता आणि खालच्या डीपीपाशी बंकट उभा होता.

ऊसतोडीहून परत येऊन त्यांना आठवडासुद्धा झाला नव्हता. वत्सलाबाईनं चुलीवर कालवण ठेवलं होतं. आरडाओरडा ऐकून ती धावली, तोवर पोरगं खाली पडलं होतं. कुणी म्हणालं, दांडा खालीच होता. कुणी म्हणालं, छे, मागून कुणीतरी पळत जाऊन पाडला. बंकट पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला की मी पाडला होता. पाडला होता तर पोरगं कसं गेलं, असं लोकांनी विचारलं. पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी मान वर करून खांबाकडं पाहिलं, वर तारांचा नुसता गुंता होता. कुठली तार कुठून येते हे त्यांनी विचारलं तेव्हा वस्तीवरच्या चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. दहाव्याला ओढ्याच्या काठावर सगळी भावकी बसलेली असताना बंकट उठून उभा राहिला आणि म्हणाला, "चुकी माझी झाली. आता कुणी काय इचारू नका."

त्या दिवसापासून वत्सलाबाई त्याच्याशी बोलली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, त्याचं जेवणखाणही चुकवलं नाही. फक्त त्याच्याकडं तोंड करून बोलणं तिला जमेना. आणखी एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर बंकट तडक रानात गेला होता आणि तिच्या मिरचीचा सगळा वाफा त्यानं मुळासकट उपटून बांधावर फेकला होता. झाडं लाल मिरच्यांनी लगडलेली होती. पोरगं गेल्याचं दुःख माणूस असं झाडांवर काढतो का, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर तिनं मिरची लावली नाही. बाजारातून विकत आणायची. तीसुद्धा बंकट ताटातून बाजूला सारायचा.

यंदा पोळ्याच्या सुमाराला सुनिता सांगत आली. सुनिता वस्तीवरच्या बचत गटाची अध्यक्ष, तोंडानं फटकळ पण मायेची. वडवणीच्या मंगल कार्यालयात दोन दिवसांची काहीतरी स्पर्धा होती. कॉलेजच्या पोरापोरींचे गट येणार होते. एकेका गटानं एकेक वस्ती निवडली होती आणि तिथली वीज कुठून येते, कुठं जाते, हे साध्या माणसाला कळेल अशा रीतीनं मांडायचं होतं. कुणाचं चांगलं हे त्या त्या वस्तीतल्या लोकांनीच सांगायचं. त्याला हॅकेथॉन म्हणतात, असं सुनितानं सांगितलं.

"हाकाथॉन?" पारावरची एक म्हातारी म्हणाली. "कुणाला हाका मारायच्यात बाई?"

"लाईटीला," सुनिता म्हणाली. "आपण मारून थकलो, आता शिकलेल्यांनी मारून बघावं."

बायका हसल्या. गाडी येणार होती, दुपारचं जेवण होतं. वत्सलाबाई अशा ठिकाणी कधी जायची नाही. लग्नाच्या कार्यालयात तर तीन वर्षांत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी ती आपण होऊन सुनिताच्या दारात गेली. तिथं विजेतलं कळणारी माणसं असतील का, असं तिनं विचारलं. असतील की, सुनिता म्हणाली. मग थोडा वेळ ती उंबऱ्याशी पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"दांडा खाली पाडलेला असला, तरी तारंत करंट राहतो का, एवढंच इचारायचं हाय मला."

सुनितानं तिच्याकडं पाहिलं. सकाळी लवकर तयार राहा, एवढंच ती म्हणाली.

हे विचारण्याची वत्सलाबाईला भीतीही वाटत होती. राहत नाही, असं कुणी शिकल्या माणसानं सांगितलं, तर बंकटनं दांडा पाडलाच नव्हता हे पक्कं होणार होतं. मग उरलेलं आयुष्य त्या माणसाच्या सोबतीनं त्याच छपराखाली काढायचं होतं. आणि राहतो, असं सांगितलं तर? तर या तीन वर्षांचं काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. तरी न विचारता राहणं आता होत नव्हतं.

कार्यालयात गेल्यावर तिला आधी स्टेज दिसलं. नवरानवरी बसतात त्या जागेवर पांढरा पडदा लावला होता. पंगती बसतात तिथं टेबलं मांडून पोरं-पोरी संगणक उघडून बसली होती आणि जमिनीवर वायरींची वेटोळी पडली होती. बायका त्यावरून साडी सावरत, पाय उचलून चालत होत्या. एका गटानं मोबाईलमध्ये नकाशा केला होता. बोट लावलं की खांबाचा नंबर दिसायचा. तो पोरगा फार तळमळीनं समजावत होता, पण त्याच्या मोबाईलमध्ये आपलं घर कुठलं हेच बायकांना सापडेना. तेवढ्यात कार्यालयातली वीज गेली. पंखे थांबले, पडदा काळा झाला. मागून एक माणूस म्हणाला, "घ्या, आता ह्ये समजून सांगा." सगळं कार्यालय हसलं. पोरंसुद्धा हसली. वत्सलाबाईच्या ओठांवरही हसू आलं आणि तिला आपलंच नवल वाटलं.

वीज परत आल्यावर त्यांच्या वस्तीच्या टेबलापाशी त्यांना नेलं. तिथं बीडच्या कॉलेजातल्या तीन पोरी होत्या. त्यांच्यातली वैष्णवी नावाची, चष्मेवाली, सडपातळ पोरगी बोलत होती. त्यांनी संगणक नव्हता मांडला. एक मोठी फळी आडवी ठेवली होती आणि तिच्यावर सगळी वस्ती होती. ओढा निळ्या रंगानं काढला होता. माळाला माती चिकटवली होती. आइस्क्रीमच्या काड्यांचे खांब होते, त्यांच्यावरून बारीक तारा गेल्या होत्या आणि प्रत्येक घराला, प्रत्येक विहिरीला, काही खांबांना दिवाळीच्या माळेतला एकेक दिवा लावलेला होता. दोन टोकांना दोन लाकडी डीपी आणि त्यांना बोटभर लांबीचे दांडे.

बायका फळीवर वाकल्या. हे माझं, हे तुझं, अशी बोटं फिरू लागली. सुनिताला तर आपल्या घरापुढचा उकिरडाही सापडला. तिनं विचारलं, ह्यो बी वायरीवर चालतो का गं? वैष्णवी लाजली. स्पर्धेआधी वस्तीवर चार दिवस हिंडताना दिसलं ते सगळं लावून टाकलं, म्हणाली. वत्सलाबाईची नजर ओढ्यावरून वर सरकत सरकत बाभळीपाशी जाऊन थांबली. बाभळीला त्यांनी काथ्याचं हिरवं झुडूप लावलं होतं. शेजारी खांब होता आणि खांबावर एक दिवा.

वैष्णवीनं हातातला कागद बाजूला ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या बाईला, म्हणजे वत्सलाबाईलाच, म्हणाली, "काकू, ही खालची डीपी. हिचा दांडा तुम्ही खाली पाडा. काय होतं ते सगळ्यांना दिसेल."

सुनिता मध्ये पडायला गेली. पण वत्सलाबाईनं हात पुढं केला होता. बोटभर दांडा. तिनं तो दोन बोटांत धरला, जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणि खाली ओढला.

ओढ्याकडची सगळी घरं विझली. विहिरी विझल्या. खांब विझले. बाभळीपासचा दिवा तेवढा जळत राहिला.

"आता खांबावर चढणाऱ्याला वाटेल की सगळं बंद आहे," वैष्णवी सांगू लागली. तिचं पाठ केलेलं होतं, पण मनापासून होतं. "पण या खांबावर एक तार वरच्या डीपीवरून आलेली आहे. ही लाल. खालची डीपी जळाली तेव्हा या विहिरीची तार तोडून वर जोडली होती. डीपी दुरुस्त होऊन आली, तरी ही वरच राहिली. म्हणून खालचा दांडा पाडला तरी इथं वीज असते. आता ती तार तिथं नाही, कुणीतरी नंतर काढून टाकली. पण अशी चूक कशी होते, हे दाखवायला आम्ही ती ठेवली."

वत्सलाबाईनं विचारलं, "कुणी जोडली व्हती?"

"ही विहीर ज्यांची, त्या घरातल्या मुलानं. वरच्या अंगाला आश्रुबा आजोबा राहतात ना, त्यांच्या बांधावरून नेली होती. त्यांनीच सांगितलं. त्या सालात त्या मुलाचे आई-वडील ऊसतोडीला गेले होते आणि इकडं त्याच्या आईची मिरची वाळायला लागली होती, म्हणून…"

सुनितानं तिचा दंड धरला. पोरगीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग वत्सलाबाईच्या तोंडाकडं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. काकू, मला माहीत नव्हतं, असं ती दोनदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. वत्सलाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. आपण त्या पोरीला समजावतोय की तिचा आधार घेतोय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

पाठीमागून लोकांची मतं टिपणारे परीक्षक आले. वही-पेन घेतलेले, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ होते. त्यांना मघाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी रिवाजाप्रमाणं बायकांना विचारलं, मांडणी समजली का? बायका फळीकडंच बघत राहिल्या. मग त्यांनी सगळ्यात पुढं उभ्या असलेल्या वत्सलाबाईला विचारलं, "समजलं का काकू?"

"समजलं," वत्सलाबाई म्हणाली.

त्यांनी समाधानानं काहीतरी लिहून घेतलं आणि वरच्या डीपीचाही दांडा पाडून दाखवा, म्हणजे पूर्ण होईल, असं म्हणून ते वाट बघत उभे राहिले. वैष्णवीचा हात पुढं होईना. वत्सलाबाईनं त्या दुसऱ्या दांड्याकडं पाहिलं. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि बाहेर आली.

जेवायला ती बसली नाही. परतीच्या गाडीत वत्सलाबाई खिडकीशी बसून फोनवरचं बोलणं आठवत होती. कारखान्याच्या अड्ड्यावर संध्याकाळी कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या खोपटांच्या, मागं एका उंचवट्यावर रेंज यायची. तिथं उभी राहून ती रोज फोन लावायची आणि म्हशीच्या आधी मिरचीचं विचारायची. कितीतरी वर्षांनी रोपं चांगली लागली होती. डीपी जळाल्याचं प्रविणनंच सांगितलं होतं. ती हळहळली होती, कायबी कर पण माझी मिरची वाळू देऊ नगंस, म्हणाली होती. मग दोन दिवसांनी त्याचा आवाज उड्या मारत आला होता, माय, मिरचीला पाणी चालू हाय. तिला आनंद झाला होता. टोळीतल्या बायकांना तिनं तो सांगितलाही होता. डीपी जळालेली असताना पाणी कुठून आलं, हे विचारायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

घरी आली तेव्हा दिवस कलला होता. बंकट गोठ्यात धार काढायला बसला होता. ती नेहमीच्या जागी, दारात उभी राहिली. म्हशीनं सवयीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"आवं," वत्सलाबाई म्हणाली.

बंकटचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं नाही.

"मिरची कावून उपटली व्हती तुमी?"

मग त्यानं चरवी बाजूला सारली, खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले आणि कुणी सांगितलं, असं विचारलं. पोरींनी फळीवर दाखवलं, ती म्हणाली. आश्रुबानं सांगितलं. त्याला तर मी शपथ घातलेली, बंकट पुटपुटला. पण त्यात राग नव्हता. म्हातारा तरी किती दिवस पोटात ठेवणार.

"दांडा पाडला व्हता ना तुमी?"

"पाडला व्हता."

"मंग दहाव्याला तसं का बोललात सगळ्यात?"

"लोक तारा हुडकायला लागलेले. कुणी जोडली, कावून जोडली, ह्ये निघालं असतं. मंग मिरचीचं निघालं असतं." तो गव्हाणीच्या कडेला टेकला. "मला बोलायला सारं गाव व्हतं, मी खपवून घेतलं. तुला ते आतून खात बसलं असतं. तुला कोण गप करणार व्हतं?"

ती भिंतीला धरून खाली बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. सुकलेल्या विहिरीत पोहरा सोडावा तसं काहीतरी आत खाली खाली जात राहिलं. मग बंकटच पुन्हा बोलला. तीन वर्षं कोंडलेलं होतं, ते एकदम न येता तुटक तुटक आलं.

"आन् माझी काय चुकी न्हाई असं बी न्हाई. मी त्याला इचारलं व्हतं. म्हणलं, वरचं बी पाडून येऊ का? तर म्हणला, नगं दादा, वरच्या डीपीला ह्या हप्त्यात रातची लाईट हाय, दिवसा मेलेलीच असती. तर त्याच दिशी लाईटीची पाळी बदलली. दिवसाची झाली. कुणाला ठाव? आपण तर परवाच आलेलो गावात." त्यानं टॉवेल तोंडावर धरला आणि तसाच बोलला, "उन्हाचं माळावर कुठं जायचं, म्हणून मी बी बरं म्हणलं. जायला पायजे व्हतं. गेलो असतो तर… तेवढं माझंच हाय. ते कुणाच्या माथी न्हाई मारायचं मला."

वत्सलाबाईला वाटलं, उठावं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. तीन वर्षं या माणसाला तिनं म्हशीच्या आडून जेवायला घातलं होतं. ती बसल्या जागेवरून थोडी पुढं सरकली, गव्हाणीपर्यंत. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. चरवीतल्या दुधावरचा फेस हळूहळू बसला.

"फळीवर कसं दिसतंय?" बंकटनं विचारलं. "समदं हाय का?"

सगळं आहे, तिनं सांगितलं. ओढा आहे, माळ आहे, आपलं घर आहे. बाभळ हिरवी लावली आहे. खालचा दांडा मला पाडायला लावला. सगळे दिवे विझले, बाभळीपासचा राहिला.

"आन् वरचा पाडल्यावर?"

"वरचा मी न्हाई पाडला," वत्सलाबाई म्हणाली. "त्यो दिवा तसाच जळता ठिवून आले."

बंकटनं मान हलवली. मग त्यानं चरवी उचलली आणि तिच्याकडं तोंड करून, तिच्याच हातात दिली.